यंत्राला अर्ज कसा लिहावा?

(वरवे बुद्रुक येथे पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. असा माणूस कॉम्प्युटरच्या हिशेब-प्रणालीबद्दल काय सांगणार, अशी शंका मनात येणे साहजिक आहे. परंतु हा विषय वरून यंत्राचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी अर्ज लिहिण्याची विद्या आहे. कोणाला लिहायचे, आपण कोण हे कसे सांगायचे, नेमके काय मागायचे, आणि उत्तर आले म्हणजे ते कसे वाचायचे, या चार गोष्टी ज्याला नीट जमतात त्याला यंत्राशीही व्यवहार करता येतो. अर्ज लिहायला शिकवणे हे तर भाषेच्या शिक्षकाचेच काम आहे. म्हणून हे धाडस करीत आहे.

आपले गाव पुणे-सातारा महामार्गावर आहे. पुण्याकडे जाताना खेड-शिवापूरचा टोलनाका लागतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आता गाडी नाक्यावर आली की काचेवरची पट्टी यंत्र वाचते, दांडी वर होते आणि थोड्याच वेळात मोबाईलवर पैसे वजा झाल्याचा निरोप येतो. या अवधीत काय घडते? नाक्याचा कॉम्प्युटर आपल्या बँकेच्या कॉम्प्युटरला निरोप पाठवतो. ती बँक मुंबईच्या राष्ट्रीय देयक निगमाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेकडे तो निरोप पोचवते. तेथून तो फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्या बँकेतील खात्यातून रक्कम वजा होते. एवढ्या सगळ्या व्यवहारात एकही कारकून एकही आकडा लिहीत नाही. एका यंत्राने दुसऱ्याला अर्ज केला, दुसऱ्याने उत्तर दिले. आजचा आपला विषय हाच आहे. फक्त टोलच्या जागी आपण दुकानाचा, गोदामाचा आणि कारखान्याचा हिशेब घेऊ.

हिशेबाची वही आणि हिशेबाची प्रणाली

आपल्या वाडवडिलांच्या दुकानांत रोजकीर्द असे, खतावणी असे आणि मालाच्या साठ्याची वेगळी वही असे. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, तारीख हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इतके मुरले, की आज ते परके आहेत असे कोणाला वाटतही नाही. हिशेबाची विद्या आपल्या घरांत पूर्वापार आहे, एवढेच मला यातून सुचवायचे आहे.

मोठ्या धंद्यात या वह्या एकमेकींशी जुळवणे कठीण होऊ लागले. माल गेला पण बिल झाले नाही, बिल झाले पण साठ्यातून माल कमी केला नाही, असे घोळ होऊ लागले. म्हणून विक्री, खरेदी, साठा, पगार आणि खाती एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या प्रणाली निघाल्या. बाजारात त्यांना ईआरपी म्हणतात. जर्मनीत १९७२ साली आयबीएम सोडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप ही कंपनी काढली आणि तिची प्रणाली जगभरच्या मोठ्या कारखान्यांत पोचली. ती महाग. लहान धंद्यांना पेलणारी नव्हे.

आपल्या मुंबईतही असे एक काम झाले, ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावे. ऋषभ मेहता यांना घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी अशी प्रणाली हवी होती. त्यातून त्यांनी स्वतःच प्रणाली घडवायला घेतली आणि २००८ साली कंपनी सुरू केली. आज ती कंपनी फ्रॅपे या नावाने आणि प्रणाली ईआरपीनेक्स्ट या नावाने ओळखली जाते. ती मुक्त परवान्याखाली आहे. म्हणजे तिची आतली रचना कोणीही वाचावी, स्वतःच्या संगणकावर बसवावी, वापरावी, परवान्याच्या अटी पाळून सुधारावी. परवान्याचे पैसे पडत नाहीत. आजची उदाहरणे मी याच प्रणालीची देणार आहे, कारण शिकू इच्छिणाऱ्या गरीब मुलालाही तिचे दार उघडे आहे.

एकच आकडा दोनदा का लिहावा?

माझी एक माजी विद्यार्थिनी महामार्गालगतच्या एका गोदामात काम करते. दुकानदारांच्या मागण्या एका तक्त्यात येतात. ती त्या तक्त्यातील नाव, माल, नग आणि दर वाचते आणि हिशेब-प्रणालीच्या पडद्यावर तेच पुन्हा टंकते. दिवसभर हेच काम. संध्याकाळी डोळे दुखतात आणि कोठेतरी १५ चे ५१ होतातच. तिने मला विचारले, “सर, हे काम मशीन करू लागले, तर माझ्या नोकरीचे काय?”

हा प्रश्न एकटीचा नाही. आपल्या कित्येक मुलामुलींनी टंकलेखन आणि एमएस-सीआयटी करून अशाच नोकऱ्या धरल्या आहेत. त्यांच्या पगारावर घरे चालतात. म्हणून या प्रश्नाला वरवरचे उत्तर देऊन भागणार नाही. आधी मशीन हे काम कसे करते ते समजून घेऊ, मग उत्तराकडे येऊ.

सरकारी कचेरीत आपण दप्तरखान्यात घुसून फायली काढत नाही. बाहेर एक खिडकी असते. ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा, आतला माणूस कागद पाहून उत्तर देतो. हिशेब-प्रणालीलाही अशी एक खिडकी ठेवलेली असते. माणसांसाठी पडदा, आणि दुसऱ्या प्रोग्रामसाठी खिडकी. या खिडकीला वेब सेवा किंवा एपीआय म्हणतात. तेथे अर्ज आणण्याचे काम एखादी लहानशी स्क्रिप्ट करते. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला ओळीमागून ओळ दिलेल्या सूचना. पायथन ही त्यासाठी सोयीची भाषा. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. तिचे नाव अजगरावरून नसून एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडले आहे, हे बालमित्रांसाठी सांगून ठेवतो.

अर्जाचे चार भाग

पहिला भाग पत्ता. ईआरपीनेक्स्टमध्ये प्रणालीच्या पत्त्यापुढे ‘एपीआय’, मग ‘रिसोर्स’ आणि मग कागदाचा प्रकार, उदाहरणार्थ विक्रीचे बिल किंवा ग्राहक, असे तिरप्या रेघांनी जोडून लिहितात. एखादेच बिल हवे असेल तर शेवटी त्याचा क्रमांक. पोस्टाच्या पत्त्यात घर, गाव, तालुका, जिल्हा असा जो क्रम असतो, त्याच्या उलट हा.

दुसरा भाग क्रियापद. नुसते वाचायचे असेल तर ‘गेट’. नवी नोंद करायची असेल तर ‘पोस्ट’. असलेल्या नोंदीत बदल करायचा तर ‘पुट’. काढून टाकायची तर ‘डिलीट’. पत्ता तोच, पण क्रियापद बदलले की अर्थ बदलतो. व्याकरण कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.

तिसरा भाग ओळख. प्रणालीत त्या स्क्रिप्टच्या नावाने एक वापरकर्ता तयार करतात. त्याला एक किल्ली आणि एक गुपित मिळते. गुपित तयार होते त्याच वेळी एकदा दिसते, तेव्हाच ते जपून ठेवावे लागते. अर्जाच्या शीर्षभागात ‘टोकन’ हा शब्द, एक मोकळी जागा, किल्ली, अपूर्णविरामाचे दोन ठिपके आणि गुपित, असे लिहायचे. मध्ये एक जागा कमी झाली तरी अर्ज परत येतो.

चौथा भाग मजकूर. तो बहुधा जेसन नावाच्या मांडणीत असतो. प्रत्येक रकान्याचे नाव आणि त्यापुढे त्याची किंमत: ग्राहक अमुक, तारीख तमुक, वस्तू ही, नग १५, दर २४०. शाळेच्या दाखल्यावरचे रकाने भरण्यासारखेच हे आहे. रकान्याचे नाव प्रणालीला ठाऊक असलेलेच हवे. आपल्या मनाचे चालत नाही.

अर्ज गेला की उत्तर येते आणि त्यावर एक अंक असतो. २०० म्हणजे अर्ज मंजूर. ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण हा कागद पाहण्याचा तुम्हाला अधिकार नाही. ४०४ म्हणजे अशी नोंदच नाही. ४०९ म्हणजे त्याच नावाची नोंद आधीपासून आहे. नियमाविरुद्ध नोंद पाठवली, तर ही प्रणाली बहुधा ४१७ देते. ५०० आला तर आतच बिघाड झाला असे समजावे. चांगली स्क्रिप्ट हा अंक पाहिल्याशिवाय पुढची ओळ चालवत नाही. अर्ज टाकला आणि उत्तर न वाचता घरी गेलो, असे करणाऱ्याचे काम कचेरीतही होत नाही आणि येथेही होत नाही.

खरी कसोटी

मित्रहो, येथपर्यंतचा भाग हुशार मुलगा चार-सहा रविवारांत शिकेल. खरी कसोटी पुढे आहे. ती हिशेबाची समज आणि जबाबदारी यांची आहे. चार ठिकाणे सांगतो.

पहिले. समजा, एखाद्याने सगळी बिले मागवून महिन्याच्या विक्रीची बेरीज केली. गोदामात त्या महिन्यात ३७ बिले झाली होती. पण किती नोंदी हव्यात हे अर्जात सांगितले नाही, तर ईआरपीनेक्स्ट सुरुवातीच्या २० च नोंदी देते. शिवाय कोणते रकाने हवेत हे सांगितले नाही, तर फक्त बिलाचा क्रमांक देते. उत्तरावर अंक मात्र २००. म्हणजे सर्व ठीक! यंत्र खोटे बोललेले नसते. मागितले तेवढेच त्याने दिलेले असते. १७ बिले बेरजेबाहेर राहिली, हे ओळखण्यासाठी माणसाला धंद्याचा अंदाज असावा लागतो.

दुसरे. या प्रणालीत प्रत्येक बिलाची अवस्था एका अंकाने दाखवतात. कच्चे बिल ०, पक्के बिल १ आणि रद्द केलेले बिल २. या खिडकीतून यादी मागवताना ‘फक्त पक्की द्या’ असे सांगितले नाही, तर कच्ची आणि रद्द बिलेही यादीत येतात. ती बेरजेत धरली, तर न झालेली विक्री झालेली दिसते. मालक त्यावर माल मागवतो आणि पैसा अडकतो. ज्याने वाणिज्य शाखेत मन लावून अभ्यास केला आहे त्याला ही चूक चटकन दिसेल. नुसता कोड पाठ केलेल्याला दिसणार नाही.

तिसरे. अर्ज पाठवला आणि नेमके तेव्हा इंटरनेट गेले. आपल्याकडे पावसाळ्यात हे नवीन नाही. उत्तर आलेच नाही. आता काय समजायचे? अर्ज पोचला नाही, की पोचला आणि उत्तर वाटेत हरवले? घाईने पुन्हा पाठवला, तर एकाच मागणीची दोन बिले होतील आणि दुकानदाराकडे दुप्पट पैसे मागितले जातील. यासाठी मागणीच्या मूळ चिठ्ठीचा क्रमांक बिलाच्या एका ठरलेल्या रकान्यात लिहीत जावे. उत्तर आले नाही तर आधी ‘गेट’ने विचारावे, की या चिठ्ठीची नोंद तुमच्याकडे आहे का? नसेल तरच पुन्हा ‘पोस्ट’. मनीऑर्डर पोचली की नाही याची चौकशी करूनच दुसरी करावी, असे जुनी माणसे सांगत, त्यातलाच हा प्रकार.

चौथे. किल्ली आणि गुपित. ज्याच्या हाती ती पडेल, तो तुमच्या नावाने अर्ज करू शकतो. म्हणून ती स्क्रिप्टच्या मजकुरात लिहून ठेवू नये, मित्राला दाखवू नये, मोबाईलवरून फिरवू नये. शिवाय त्या वापरकर्त्याला गरजेपुरतेच अधिकार द्यावेत. ज्या स्क्रिप्टला मागण्या नोंदवायच्या आहेत, तिला पगाराची वही दिसण्याचे कारण नाही. मला विचाराल तर स्क्रिप्टने बिल कच्चे करून ठेवावे आणि माणसाने तपासून पक्के करावे. म्हणजे लिहिण्याचे कष्ट यंत्राकडे जातात आणि सहीची जबाबदारी माणसाकडे राहते.

हे आपल्या दारी आले आहे

कोणी म्हणेल, ही मोठ्या शहरांची गोष्ट आहे. तसे राहिलेले नाही. जीएसटीत धंद्याने धंद्याला दिलेल्या बिलांची सरकारी पोर्टलवर नोंदणी करण्याची पद्धत, म्हणजे ई-इन्व्हॉइस, १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाली तेव्हा ती ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांनाच होती. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणारे धंदे तिच्यात आले. बिल जेसनच्या मांडणीत पोर्टलकडे जाते. पोर्टल त्याला ६४ अक्षरांचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड देते. आपल्या गावावरून जाणाऱ्या मालट्रकांच्या कागदांवर तो चौकोनी कोड दिसतो. तो यंत्राने यंत्राला केलेल्या अर्जाचे उत्तर आहे. एका बाजूला खेड-शिवापूर, दुसऱ्या बाजूला नीरा ओलांडली की शिरवळ. या पट्ट्यातील गोदामांना आणि कारखान्यांना अशी कामे जाणणारी माणसे लागणारच. ती दुरून बोलवावीत की येथेच तयार व्हावीत, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. मी तिला खोटा धीर दिला नाही. नुसते टंकण्याचे काम कमी होत जाणार, हे तिला स्पष्ट सांगितले. पण तिला जे ठाऊक आहे ते यंत्राला ठाऊक नाही. कोणत्या दुकानदाराला कोणता दर आहे, कोण एकच मागणी दोनदा पाठवतो, कोणत्या मालाचे नाव तक्त्यात वेगळे आणि प्रणालीत वेगळे आहे, हे ज्ञान तिच्याकडे वर्षानुवर्षे साठले आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या परक्या माणसाला पहिल्या दिवशी हेच विचारावे लागते. त्या ज्ञानात अर्ज लिहिण्याची विद्या तिने मिळवली, तर काम तिच्या हातून जाण्याऐवजी तिच्या देखरेखीखाली होईल. ज्याला हिशेब कळतो त्याने स्क्रिप्ट शिकावी, आणि ज्याला स्क्रिप्ट येते त्याने हिशेब शिकावा. दोन्ही येणाऱ्याची गरज धंद्याला सहसा संपत नाही.

काही सूचना

पालकांना माझी विनंती आहे. मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटरच्या वर्गाला घालताना फी आणि प्रमाणपत्र एवढेच विचारू नका. तीन प्रश्न विचारा. येथे मुलांकडून स्वतःच्या हाताने प्रोग्राम लिहून घेतात का? हिशेबाच्या खऱ्या नमुन्यांवर सराव देतात का? चूक झाली तर ती शोधायला शिकवतात का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. आणि मुलींना या शिक्षणापासून दूर ठेवू नका. हे बसून, शांतपणे, नीटनेटकेपणाने करायचे काम आहे आणि पुष्कळदा घरूनही करता येते.

विद्यार्थ्यांना सांगतो. दहावीनंतर कोणतीही शाखा घ्या, पण जमाखर्चाची मूलतत्त्वे शिका. पायथनची सुरुवात करा. घरी संगणक नसेल तर दोघा-तिघांनी मिळून शाळेच्या संगणकावर बसा. ईआरपीनेक्स्टची एक सरावाची प्रत बसवा, तिच्यात खोटे ग्राहक आणि खोटी बिले भरा. पहिला महिना फक्त ‘गेट’ करा. वाचता येऊ लागल्याशिवाय लिहायला जाऊ नका. त्यानंतर ‘पोस्ट’. मुद्दाम चुकीची किल्ली देऊन ४०१ कसा येतो ते पाहा, मुद्दाम रकाना चुकवून उत्तर वाचा. पण कोणाच्या खऱ्या वहीवर सराव करू नका. दुसऱ्याचा हिशेब ही दुसऱ्याची ठेव आहे.

संस्थेच्या चालकांना एक नम्र सूचना. शनिवारी दुपारी दोन तास संगणकाचे शिक्षक आणि वाणिज्याचे शिक्षक यांनी एकत्र वर्ग घ्यावा. गावातील एखाद्या जाणत्या दुकानदाराला महिन्यातून एकदा बोलवावे. त्याने धंद्यातली अडचण सांगावी आणि मुलांनी तिच्यावर स्क्रिप्ट लिहून दाखवावी. खर्च फारसा नाही, प्रणाली फुकट आहे, आणि हवी असलेली माणसे याच सभागृहात बसली आहेत.

मंडळी, ज्यांच्या घरी कोणी कागद वाचणारा नव्हता, त्यांना कचेरीच्या खिडकीवर दुसऱ्याच्या हातापाया पडून अर्ज लिहून घ्यावे लागले. ती पिढी आपण पाहिली आहे. शाळा निघाल्या, मुले शिकली आणि आपले अर्ज आपण लिहू लागलो. आता नव्या खिडक्या उघडल्या आहेत. त्यांच्यापुढे आपल्या मुलांनी पुन्हा दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि माझे बोलणे पुरे करतो.